पत्त्याचं आडनाव

एकच प्रश्न ती दिवसभरात इतक्या वेळा विचारायची की ऑफिसातल्यांनी तिचं नावच पाडलं होतं, आडनावबाई. "आडनाव काय? अहो, तुमचं नाही, पत्त्याचं!" हे वाक्य तिच्या जिभेवर मुक्कामालाच आलं होतं. झोपेतसुद्धा बडबडते, असं तिचा नवरा म्हणायचा. नवऱ्याच्या बोलण्यात तिखटमीठ बरंच असायचं, पण हे खरं असावं.

काम म्हणाल तर फोनवरचं. सरकारी आरोग्य योजनेच्या कार्यालयात चौकशीच्या फोनवर ती बसायची. कार्डाचं नूतनीकरण, ऑपरेशनचा नंबर, संमती, सगळं हल्ली कार्यालयाच्या वेबसाइटवरून व्हायचं. ते सुरू झालं आणि पाठोपाठ चोरांनीही आपली दुकानं थाटली. तोच निळा रंग, तेच चिन्ह, दात दाखवून हसणारा तोच डॉक्टर. साधा माणूस त्यात आपली सगळी माहिती भरून मोकळा व्हायचा, आणि त्याच्या कार्डावर भलताच कुणीतरी उपचार घेऊन जायचा. म्हणून लोक भरायच्या आधी फोन करायचे. "बाई, हे तुमचंच का?" आणि बाईंनी सांगायचं, आमचं आहे की नाही.

तिसऱ्या मजल्यावरची लांबट खोली. सहा टेबलं, न उघडणाऱ्या खिडक्या, गळणारा एसी आणि त्याखाली बादली. बादली शिपायानं ओतायची असा नियम होता, ओतायची मात्र ही. हेडफोनच्या स्पंजचा भुगा पडायचा, त्याचे काळे कण कानाला चिकटायचे. संध्याकाळी घरी गेली की नवरा म्हणायचा, "अगं, काजळ डोळ्यात घालतात, कानात नाही." पहिल्यांदा ती हसली होती. पुढे पुढे नुसता कान पुसायची.

साइटचा पत्ता कसा तपासायचा ते सांगायची तिची स्वतःची रीत होती. "हे बघा काका, सुरुवातीच्या त्या दोन तिरप्या रेघा सोडून द्या. पुढे एकटी तिरपी रेघ येईल, तिथं थांबा. आता तिच्यापासून उलटे मागं या. रेघेच्या लगेच अलीकडे जे लिहिलंय ना, ते पत्त्याचं आडनाव. ते आमचं असेल तर साइट आमची. त्याच्याही आधी आमचं नाव लिहिलेलं असेल, त्याला भुलू नका. नाव काय, कुणीही ठेवतं. शेजाऱ्यानं त्याच्या पोराला तुमच्या मुलाचं नाव ठेवलं, तर ते पोर तुमचं होतं का?"

लोक हसायचे. हसून पुन्हा सुरुवातीचंच नाव वाचायचे. "पण बाई, तुमचंच नाव आहे की हो इथं! आणि पत्त्याशेजारी कुलूपपण दिसतंय!" मग कुलपाचं पुराण. कुलूप म्हणजे वाटेत कुणी डोकावणार नाही एवढंच, आत कोण बसलंय ते कुलूप सांगत नाही. चोरसुद्धा घराला कुलूप लावतोच की. हे झालं की परत रेघेपासून सुरुवात. घशाला कोरड पडायची, कान किटायचे, आणि समोरचा फोनचा दिवा विझतो न विझतो तोच पुन्हा लुकलुकायचा.

पूर्वी ती खाली खिडकीवर होती. तिथं माणसाला चेहरा असायचा. रांगेत भांडणं व्हायची, एखादी बाई लेकरू काउंटरवर बसवायची, एखादा आजोबा उगाच गप्पा मारत थांबायचा. तेव्हाही पाय दुखायचे. पण ते दुखणं घरी जाऊन गरम पाण्यात पाय सोडले की उतरायचं. हे आत्ताचं कशात सोडावं ते तिला कळत नव्हतं. दिवसभर खोटं, खोटं, खोटं म्हणत राहायचं, आणि संध्याकाळी घरी जाऊन एकदम विश्वासानं वागायचं, हे काही तिला जमेना.

भावाचंच घ्या. त्यानं नवीन नंबरावरून निरोप पाठवला, "ताई, मी फोन बदललाय, हा नंबर ठेव." हिनं वाचला आणि सरळ नंबर बंद करून टाकला. असले निरोप ती रोज ऐकत होती ना! भाऊ फोन करून करून थकला. शेवटी एका रविवारी दारात येऊन उभा राहिला. "मीच आहे गं बाई, बघ. लहानपणी तू पाटी मारलीस ती खूणही आहे कपाळावर, दाखवू?" सगळे पोट धरून हसले, तीही हसली. पण भाऊ जेवून गेल्यावर भांडी घासता घासता तिला रडू आलं. आपण अशा कधी झालो, असं नवऱ्याला म्हणाली. नवरा म्हणाला, "दमलीस तू." खरंच दमली होती.

तर अशा या बाईंच्या फोनवर एक दिवस शिंपीकाका आले.

म्हणजे फोनवर आले. आयुष्यभर शिवणकाम केलेला म्हातारा, आवाज खणखणीत, बोलणं मापात. त्यांच्या बायकोच्या खुब्याच्या ऑपरेशनचा नंबर लागत आला होता. बिचारी कितीतरी महिने पलंगावर. घर दुसऱ्या मजल्यावर, जिना अरुंद. हॉस्पिटलातून आणली होती तीसुद्धा खुर्चीत बसवून, चौघांनी उचलून, तेव्हापासून ती खाली उतरलीच नव्हती. काकांना निरोप आला होता की नंबर लागला आहे, अमुक साइटवर जाऊन संमती द्या.

"वाचा," ही म्हणाली.

काकांनी एकेक अक्षर वाचलं. कापड मापावं तसं सावकाश, मागं न येता.

"आता आडनाव सांगा."

काकांनी सांगितलं. नाव योजनेचं, आडनाव कुठल्या तरी परक्याचंच. तिनं कधी ऐकलंही नव्हतं. इतकी वर्षं कार्यालयाचं आडनाव एकच होतं, त्यात विचार करण्यासारखं काय होतं?

"खोटं आहे काका. हात लावू नका, निरोप काढून टाका."

"बरं."

"आणि आता कुणी फोन करून म्हणालं की मी ऑफिसातून बोलतोय, तर बोलत बसू नका. आम्ही स्वतःहून कधीच फोन करत नाही. सरळ ठेवून द्यायचा आणि तो नंबर बंद करायचा. शंका आली तर तुमच्या कार्डाच्या मागे आमचा नंबर छापलाय, तो स्वतः फिरवायचा आणि विचारायचं. दुसरं काही नाही."

"स्वतः फिरवायचा," काका म्हणाले. मग त्यांनी सगळं पहिल्यापासून म्हणून दाखवलं. रेघ, रेघेच्या अलीकडचं आडनाव, फोन आला तर ठेवायचा, नंबर बंद करायचा. एक शब्द चुकला नाही. मागून त्यांच्या बायकोचा आवाज आला, "लागला का हो नंबर?" काका म्हणाले, "नाही गं, चोर होते. बाईंनी वाचवलं."

त्या दिवशी तिला जरा बरं वाटलं. दिवसातून एक माणूस जरी असा भेटला तरी पुष्कळ झालं, असं तिनं शेजारच्या टेबलावरच्या मुलीला सांगितलंही. ही मुलगी नवीन लागलेली, आडनावबाईंना ताई म्हणायची.

दुसऱ्या दिवशी दुपारी चारच्या सुमाराला साहेब खोलीत आले. साहेब या खोलीत सहसा येत नसत. कपाळाला घाम, हातात मोबाईल.

"एक म्हातारा आहे," ते म्हणाले, "शिंपी. बायकोचं खुब्याचं ऑपरेशन. पहिल्या तुकडीतल्या सगळ्यांच्या संमत्या आल्या, एवढा एकच राहिलाय. पाचला यादी बंद होते. मग जागा पुढच्या माणसाला जाते आणि हे शेपटाला जातात, म्हणजे वर्षभर तरी बघायला नको. हॉस्पिटलवाले माझ्या डोक्यावर बसलेत. मी फोन केला तर म्हातारा मलाच म्हणतो, लाज वाटत नाही का, म्हाताऱ्या माणसांना लुबाडता! आणि आपटला फोन."

आडनावबाईंनी हेडफोन उतरवला.

"साहेब, कुठल्या साइटवर संमती द्यायची आहे त्यांनी?"

साहेबांनी मोबाईल पुढे केला. नाव योजनेचं. आडनाव तेच, कालचं, परकं.

"हे आपलं आहे?"

"आता आहे. संमतीचं काम बाहेरच्या कंपनीला दिलंय ना, तिच्या साइटवर चालतं ते. सोमवारी परिपत्रक निघालं."

"आम्हाला कुठं आलं परिपत्रक?"

"वेबसाइटवर टाकलंय की."

"कुठल्या?"

साहेबांनी मोबाईल खिशात घातला. "नव्या," म्हणाले.

शेजारची मुलगी फिस्सकन हसली. हिला हसू आलं नाही. संताप आला, पण तो कुणावर काढायचा तेही कळेना. तिच्या डोळ्यांसमोर तो अरुंद जिना आला, जो तिनं कधी पाहिलाही नव्हता. 'बाईंनी वाचवलं,' असं काका म्हणाले होते.

"मी सांगितलं त्यांना खोटं आहे म्हणून," ती म्हणाली. "मीच."

साहेबांनी कपाळाला हात लावला. रागावले मात्र नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. "मग तुम्हीच बघा आता काहीतरी," एवढंच म्हणाले.

चौकशीच्या फोनवरून बाहेर फोन लागत नाही, तिथं नुसते येतात. तिनं स्वतःचा मोबाईल काढला. साहेबांकडून नंबर घेऊन लावला.

"काका, मी बोलतेय. चौकशीवरची. काल आपण बोललो."

काका म्हणाले, "कमाल आहे हो तुमची! आवाजसुद्धा हुबेहूब काढलात."

"अहो काका, मीच—"

"बाईंनी मला बजावलंय, आम्ही स्वतःहून कधी फोन करत नाही. तुमचं पितळ उघडं पडलंय. ठेवा."

फोन बंद. तिनं परत लावला, लागेना. तिनंच शिकवल्याप्रमाणे काकांनी नंबर बंद करून टाकला होता. सांगितलेलं इतकं चोख करणारा माणूस तिला इतक्या वर्षांत भेटला नव्हता, आणि भेटला तो आज!

घरी जाऊन सांगावं तर काकांचं घर शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. पाचच्या आत पोचणं शक्यच नव्हतं. तिनं शेजारच्या मुलीचा फोन मागून घेतला. या वेळी काय बोलायचं ते आधी मनात ठरवलं, कारण ऐकून घेतील तर दोन वाक्यं घेतील.

"काका, माझ्यावर विश्वास ठेवू नका," फोन उचलताच ती म्हणाली. "तुम्ही बरोबर करताय. फोन ठेवा आणि कार्डाच्या मागचा नंबर स्वतः फिरवा. आत्ता, लगेच. आणि आडनावबाईंना द्या म्हणा."

काकांनी फोन ठेवला. ऐकलं की नाही, देव जाणे.

ती धावत टेबलाशी आली आणि हेडफोन चढवला. खोलीतल्या सगळ्यांना सांगून ठेवलं, शिंपीकाकांचा फोन आला तर माझ्याकडे द्या. पण फोन कुठल्या टेबलावर पडेल ते नशिबावर, आणि रांगेत किती माणसं पुढे असतील तेही. दिवा लागला. तिनं झडप घालून घेतला. एक बाई कार्डावरचा फोटो बदलायचा म्हणत होत्या. मग एक गृहस्थ, त्यांना कुलूप दिसत होतं. ती कुलपाचं पुराण सांगत होती आणि नजर भिंतीवरच्या घड्याळावर. "तुमचं लक्ष नाही बाई," गृहस्थ म्हणाले. "नाही," ती म्हणाली, "माफ करा. आडनाव सांगा."

साडेचार होऊन गेले. काकांना वाटलं असेल चोर बरे पिच्छा पुरवतायत, आणि फोनच बंद करून ठेवला असेल. आपणच शिकवलं ना. नको ते काम, नको ती नोकरी, असं तिच्या मनात आलं, आणि तेवढ्यात शेजारच्या मुलीनं हात वर केला. "ताई, शिंपी!"

"बाई!" काकांचा खणखणीत आवाज आला. "आहात ना? अहो, चोरांनी आज कहर केला. आधी एक पुरुष झाला. मग तुमच्या आवाजात बाई बोलली, दोनदा! तुम्हाला सांगून ठेवावं म्हटलं. तुमचं नाव बद्दू करतायत."

"काका, ती मीच होते."

"काय?" काका म्हणाले.

"ऐका. काल मी चुकीचं सांगितलं. ती साइट आमचीच आहे. बदलली, आणि आम्हाला कुणी कळवलं नाही. काकूंचा नंबर खरंच लागलाय. पाचच्या आत संमती द्यायची आहे."

"पण आडनाव परकं आहे."

"आहे."

"तुम्हीच म्हणालात, आडनाव परकं तर साइट परकी."

"म्हणाले होते."

काकांनी आवाज खाली आणला. "बाई, तुमच्याजवळ कुणी उभं आहे का? तुम्हाला कुणी दमात घेऊन हे बोलायला लावतंय का? तसं असेल तर नुसतं हं म्हणा."

हसावं की रडावं तिला कळेना. "नाही हो काका, कुणी नाही. शपथ घेऊन सांगते. तुम्ही स्वतः नंबर फिरवलात ना? कार्डाच्या मागचा? मग मी खरीच."

"फिरवला मी. पण माझं मन घेत नाही."

घड्याळाचा काटा पुढे सरकत होता. आणि मग पलीकडे काहीतरी खरखरलं, आणि एक दमलेला, बारीक आवाज आला. काकू होत्या.

"द्या हो इकडे. बाई, यांचं राहू द्या, हे मोजत बसतील. मला एवढंच सांगा, मला जिना उतरायला मिळेल का नाही?"

"काकू, आज संमती दिलीत तर तुमचा नंबर पक्का. पुढचं डॉक्टर सांगतील."

"मग द्या हो तुम्ही," काकू नवऱ्याला म्हणाल्या. "फसले तर मी फसले. इथं पडून तरी काय सांभाळतेय?"

काकांनी चष्मा मागितला. साइट उघडली, साहेबांच्या मोबाईलवरून टिपलेला पत्ता तिनं अक्षर अक्षर सांगितला आणि त्यांनी घातला. कार्डाचा नंबर भरला. मोबाईलवर ओटीपीचे आकडे आले.

"आले, बाई. चार—"

"मला सांगू नका!" ती ओरडलीच. सगळी खोली वळून बघायला लागली. "आकडे कुणालाही सांगायचे नाहीत काका. मलाही नाही. तुम्हीच घाला."

"हां," काका म्हणाले. त्यांच्या आवाजात पहिल्यांदा जरा धीर आला. "आता पटलं, तुम्हीच आहात."

पाचला थोडा वेळ असताना 'संमती नोंदवली' असं आलं. काकांनी ते दोनदा वाचून दाखवलं. काकू काहीतरी म्हणाल्या आणि काका त्यांना म्हणाले, "हो, हो, चप्पल काढून ठेवू धुऊन." आडनावबाईंनी डोळे मिटून खुर्चीला पाठ टेकली. जीव भांड्यात पडला होता, पण अंगात त्राण उरलं नव्हतं.

"म्हणजे तुमच्या ऑफिसनं दुसरं लग्न केलं म्हणायचं," काका म्हणाले. "आडनाव बदललं आणि तुम्हाला आमंत्रणच नाही."

ती हसली. मग काका गंभीर झाले. "बरं बाई, आता यापुढे कसं करायचं? मला परत नीट सांगा, म्हणजे मी पाठ करतो. आडनाव बघायचं की नाही बघायचं?"

ती काय सांगणार? रेघ तीच होती, रेघेच्या अलीकडे आडनावच होतं. पण परकं आडनावही आता आपलं असू शकत होतं, आणि उद्या कुठलं आपलं होईल ते तिला कोण कळवणार होतं?

"बघायचं," ती म्हणाली. "आणि तरी शंका आली, तर मला विचारायचं."

"तुम्हालाच तर विचारलं होतं," काका म्हणाले.

रागानं नाही म्हणाले, टोमणा तर नव्हेच. धडा नीट समजून घ्यावा म्हणून विचारत होते. ती म्हणाली, "हो काका. मलाच." काकांनी काकूंची काळजी घ्यायला डॉक्टरांना सांगा म्हणून बजावलं, आभार मानले आणि फोन ठेवला.

दिवा लगेच लुकलुकला. एक तरुण बाई होत्या, वडिलांच्या कार्डासाठी. त्यांनी पत्ता वाचला. नाव योजनेचं. आडनाव तिनं कधी न ऐकलेलं, आणि कालचंही नव्हे, तिसरंच.

"हे खरं आहे का हो?" बाईंनी विचारलं.

खोटं हा शब्द तिच्या ओठांवर आला होता. तिनं तो गिळला. "थांबा हं, विचारून सांगते," म्हणाली आणि साहेबांच्या खोलीकडे वळली. साहेब पाचला निघून गेले होते. शेजारची मुलगी दुसऱ्या फोनवर होती, आणि तिला तरी काय ठाऊक असणार?

"बाई, आहात का?" कानात आवाज आला.

"आहे," ती म्हणाली. "भरू नका. आज काहीच भरू नका. उद्या सकाळी मीच तुम्हाला..." आणि तिला आठवलं, आपण स्वतःहून कधीच फोन करत नाही. "उद्या सकाळी तुम्हीच परत फोन करा," ती म्हणाली.